मिरचीचा खोकला

प्रिय बाबा,

कुडाळच्या बाजारात तुम्ही अजून "माजां चेडू डाक्टर होतलां" असं सांगत फिरता, हे मला कळलंय. काल कुणा अनोळखी काकांनी आपल्या सुजलेल्या पायाचा फोटो मला व्हॉट्सअॅपवर पाठवला आणि खाली लिहिलं, "मॅडम, गोळी सुचवा." बाबा, मी डॉक्टर होणार नाही. मी आरोग्यशास्त्राची पदवी घेतेय. आजारी माणूस दवाखान्यात शिरला की तिथली व्यवस्था त्याच्याशी कशी वागते, ते आम्ही शिकतो. इथे भोईवाड्यात आत्याला हे समजावलं, तर ती म्हणाली, "म्हणजे कुठे दुखतं ते सोडून बाकी सगळं विचारायचं?" जवळजवळ तसंच.

गेल्या महिन्यात आमचं प्रात्यक्षिक होतं, परळच्या एका मोठ्या रुग्णालयात. प्रत्येकीला एक पेशंट. तो दारातून आत आल्यापासून बाहेर पडेपर्यंत त्याच्या मागे राहायचं. सेसिलिया मॅडमनी बजावलं होतं, "बघा, लिहा, मध्ये पडू नका." माझ्या वाट्याला आल्या लालबागच्या ललितामावशी. मसाल्याच्या दुकानात मिरच्या निवडतात, तिथूनच तशाच आलेल्या. त्यांनी पदर झटकला की आख्खी रांग शिंकायची. माझ्या निरीक्षणाची पहिलीच ओळ "रांगेतील सर्वांना सर्दी" अशी होती, ती खोडावी लागली. स्वतः मावशींना मात्र कितीतरी दिवस खोकला. "काही नाही गं, मिरचीचा आहे. शेजारीण ऐकेना म्हणून आले."

मध्ये पडू नका, हे मावशींना कुणी सांगितलं नव्हतं. केसपेपरच्या खिडकीवर त्यांनी मला भाची केलं, डॉक्टरांसमोर मुलगी, आणि एक्स-रेच्या रांगेत होणारी सून. मुलगा चिंचपोकळीच्या एका वर्कशॉपमध्ये आहे आणि स्वभावाने गरीब आहे, हेही मला तिथेच कळलं. मी तेव्हा "सोबत नातेवाईक: नाही" असं लिहीत होते.

एक्स-रेच्या खिडकीवर म्हणाले, आधी कागदावर शिक्का आणा. शिक्क्याची खिडकी खालच्या मजल्यावर. शिक्का आणेपर्यंत जेवणाची सुट्टी झाली. मावशी बाकावर बसल्या, खूप खोकल्या आणि पिशवी उचलून उठल्या. "जाते गं. शेठ ओरडेल. तू तुझं लिही काय ते." आणि बाबा, मी खरंच लिहिलं, 'रुग्ण परत निघाली.' मान वर करून बघते तर त्या जिन्यापाशी कठड्याला धरून दम खात होत्या. मी धावले. त्यांना बाकावर आणून बसवलं आणि रांगेत स्वतः उभी राहिले. खिडकी उघडल्यावर एक धिप्पाड गृहस्थ मध्ये घुसायला लागले. त्यांना मी "ओ काका, रांग मागून आहे" असं अशा आवाजात म्हटलं की ते सॉरी म्हणाले. मलाच भीती वाटली माझी.

मावशींना टीबी निघाला. औषधं लगेच सुरू झाली, बऱ्या होतील म्हणाले. मॅडमनी माझा अहवाल नापास केला. "तुझ्या पेशंटचा प्रवास जिन्यापाशी संपला होता. पुढचा सगळा तुझा," म्हणाल्या. मग चष्मा काढला आणि हळूच विचारलं, "बरी आहे ना ती?" अहवाल पुन्हा करायचाय. मावशींची पेशंट म्हणून परत यायची तयारी आहे. या खेपेला मुलाला घेऊन येणार म्हणतात.

आता मुद्द्याचं. आईने सांगितलं मला. गणपतीपासून तुमचा आवाज बसलाय, गिळताना दुखतं. जिल्ह्याच्या दवाखान्यात तुम्ही गेलात, केसपेपर काढलात, आतली गर्दी बघितलीत आणि परत आलात. येताना बांगडे आणलेत आणि आईला सांगितलंत, "डाक्टर रजेर हा." फोनवर विचारलं असतं तर तुम्ही फोन तिच्या हातात दिला असता, म्हणून हे पत्र. मी रागावलेली नाही. चांगली धीराची माणसंही अशीच परत जातात, बघितलंय मी. शनिवारी मी गावी पोचते. सोमवारी सकाळी आपण दोघं जायचं. घाबरायला होत असेल तर होऊ दे, मलाही होतंय. पण या वेळी घसा दाखवून झाल्याशिवाय मासळीबाजारात शिरायचं नाही.

तुमचीच,
नूपुर