माझ्या गाडीत कुणाला गाडी लागत नाही

सोमवार, ६ जानेवारी

उलटी! तीही सीटच्या फटीत, जिथं झाडूसुद्धा जात नाही. कंपनीच्या पार्किंगमध्ये बाकीचे ड्रायव्हर चहा पीत उभे आणि मी बादली-फडकं घेऊन गुडघ्यावर. ईश्वर, आमच्याच कंत्राटदाराची दुसरी बस चालवतो, लांबूनच ओरडला, "काय भारतशेठ, आज सत्यनारायण हाय का? लई धुताय गाडी!"

वैष्णवी नाव त्या पोरीचं. आमच्याच गावची, कवठे येमाईची. डिप्लोमा झालाय, आजपासून रांजणगावात ट्रेनी. चढतानाच म्हणाली होती, "दादा, मला गाडी लागती." मी म्हणालो, बस गुपचूप, माझ्या गाडीत कुणाला गाडी लागत नाही. नऊ वर्षं झाली कामगारांची बस चालवतोय. गेटवर सहा पन्नासच्या आत. एकदाही लेट मार्क नाही. उगाच नाही आमच्या कंत्राटदारांनी, सत्यजीत साहेबांनी, नव्या वर्षाची डायरी मला दिली. आणि त्या डायरीत पहिला शब्द काय लिहिला, तर उलटी!

मंगळवार, ७ जानेवारी

आज परत. पिशवी दिली होती म्हणून गाडी वाचली.

सगळी बस डॉक्टर झाली. एक म्हणते लिंबू हुंग, एक म्हणते आवळासुपारी चघळ, एकीने तर पेपरवर बसवलं तिला. पेपरवर बसल्याने पोटाला काय कळणार? तरी बसली बिचारी. काच उघडली तर सगळ्यांना थंडी वाजते – "बंद कर गं, मारतीस का!"

सोपानमामा पहिल्या सीटवरून म्हणाले, "जावईबापू, पोरींना फ्याक्टरी झेपत न्हाई. आपण सांगून काय उपेग?" मामा म्हणजे सुवर्णाचे, माझ्या बायकोचे, सख्खे मामा. कंपनीतले सगळ्यात जुने ऑपरेटर. मला साहेबांकडे चिकटवलं ते त्यांनीच. पहाटे धारा काढायच्या, डेअरीत दूध घालायचं, मग बस. त्यामुळे डेअरीच्या वळणावर रोज सात-आठ मिनिटं थांबावं लागतं. थांबतो. मोठं माणूस आहे. मलठणच्या पुढं ती मिनिटं भरून काढतो, हात बसलाय.

गुरुवार, ९ जानेवारी

लिंबू – फेल. आवळासुपारी – फेल. पेपर – त्याच पेपरात उलटी.

शनिवार, ११ जानेवारी

एक गोष्ट लक्षात आली. साडेतीनला शिफ्ट सुटते, परत येताना हीच पोरगी चांगली असते. खिडकीत बसून मैत्रिणीशी हसते काय, शेंगा खाते काय! मग सकाळीच काय होतं? मामांनी बरोबर पकडलं. "घरी जायाला बरी आन् कामावर जायाला आजारी. नाटकं हायेत." मलाही तेच वाटायला लागलंय. मी आरशात बघत होतो, सकाळी तोंड एवढंसं आणि आता शेंगा!

संध्याकाळी उतरताना सरळ विचारलं – काम नको असेल तर तसं सांग, माझी गाडी कशाला खराब करतेस? डोळ्यात टचकन पाणी आलं तिच्या. "दादा, सात खाडे झाले की ट्रेनिंगमधनं नाव कट. आन् नाव कट झालं की आप्पा लग्नच उरकणार. दौंडचं स्थळ आलंय. ते म्हणतेत, पोरीनं नोकरी करायची न्हाई. मी उलटी मुद्दाम काढीन व्हय?"

तिचे वडील, आप्पा, म्हणजे शब्दाचे पक्के, हे सगळ्या गावाला माहीत आहे.

सोमवार, १३ जानेवारी

मलठणच्या मेडिकलवाल्याला विचारलं. तो हसलाच. वैष्णवी उपाशीपोटी निघते – पोटात काही नसलं तर पडणार काय, असा तिचा हिशोब! आणि गोळी घेते बसमध्ये बसल्यावर. तो म्हणाला, अहो, गोळी निघायच्या आधी अर्धा तास घ्यायची. पोट रिकामं ठेवायचं नाही, तट्ट भरायचंही नाही. चाकावर नाही, पुढं बसायचं. मोबाइल बघायचा नाही, लांब रस्त्याकडे बघायचं. आणि गोळीने झोप येते बरं का, मशीनवर काम असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

एवढं सगळं आधी कुणी सांगितलं असतं तर! आमच्याकडे सगळ्यांना औषध माहीत, आजार कुणालाच नाही.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. "तिळगूळ घ्या, गोड बोला दादा," म्हणाली. मलठणच्या पुढं तिळगुळासकट बाहेर. काय गोड बोलू?

गुरुवार, १६ जानेवारी

गोळीही फेल. म्हणजे काल अर्धा तास आधी घेतली तर उलटी थांबली, पण लाइनवर उभ्या उभ्या डुलक्या. सुपरवायझरने सगळ्यांसमोर झापलं. म्हणाला, मशीनमध्ये हात गेला तर जबाबदार कोण? बरोबरच बोलला तो. डॉक्टरांनी गोळी बंद करायला सांगितली. हिने आजपासून बंद केली, आणि आज परत पिशवी.

मग राहिली पुढची सीट. या बसमध्ये सीटवर नाव नसतं, पण ज्याची त्याची सीट ठरलेली. जुने पुढं, नवे मागं. नवीन माणूस तीन-चार वर्षांनी चाकाच्या पुढं सरकतो. मी चाचरतच विचारलं, "मामा, चार दिवस पोरीला पुढं बसू द्याल का?" मामांनी नुसतं बघितलं माझ्याकडे. "एकवीस वर्सांत मागनं पुढं आलोय मी. उद्या स्टेरिंगवर बसीव तिला."

बस हसली. मीही हसलो. लाज वाटली नंतर, पण तेव्हा हसलो खरा.

शनिवार, १८ जानेवारी

सत्यजीत साहेबांचा फोन. तक्रार गेलीय – बसमध्ये घाण वास येतो. कुणी केली ते सांगितलं नाही. मला विचारायची गरजही नाही. "भारत, एका पोरीपायी कंपनीचं काँट्रॅक्ट घालवू का मी? बघ काय ते महिनाअखेरपर्यंत."

बघ काय ते! मी काय बघू? मी ड्रायव्हर आहे का वैद्य?

सोमवार, २० जानेवारी

ताप. अंग मोडून आलंय. गाडी ईश्वर नेतोय, त्याच्या बसवर बदली ड्रायव्हर.

गुरुवार, २३ जानेवारी

आज कामावर. तीन दिवसांत ईश्वरने माझ्या गाडीची पार अब्रू घालवली. मंगळवारी दोन मिनिटं लेट, गेटवाल्याने ओळखीवर सोडलं म्हणून. आणि काल मामा आले नाहीत म्हणून त्यांना सोडून निघाला! मामांनी एसटीने जाऊन अर्धा दिवस बुडवला. सुवर्णाला फोन करून तासभर बोलले. मी ईश्वरला म्हणालो, अरे, माणसं आहेत का पोती? तो म्हणतो, "तुमचे मामा, तुम्ही सांभाळा. मला सकाळी रेस लावता येत न्हाई."

वैष्णवी तीन दिवस ठणठणीत होती म्हणे. चला, सवय झाली असेल.

शुक्रवार, २४ जानेवारी

सवय कुठली! आज ती पिशवी टाकायला पुढच्या दाराशी आली आणि तिथंच पिशवी फाटली. थेट मामांच्या डब्याच्या पिशवीवर. केवढा गोंधळ! मामा उभे राहून ओरडायला लागले, मागून कुणी शिव्या घातल्या, गेट पाच मिनिटांवर. माझं डोकं फिरलं. म्हणालो, उद्यापासून या गाडीत यायचं नाही!

ती तोंड पुसत म्हणाली, "ईश्वरदादांच्या टायमाला न्हाई झालं मला."

गाडी तीच! सीट तीच! रस्ता तोच! मग माझ्यातच खोट का? एवढं बोललो तिला, सगळ्यांसमोर. ती उतरून गेली. परत येताना बसमध्ये नव्हती.

शनिवार, २५ जानेवारी

आली नाही. खाडा एक.

मंगळवार, २८ जानेवारी

खाडे तीन. सीट मोकळी. काल अंकिता तिथं सरकली – दोन वर्षांची जुनी पोरगी, कधी शिंकलीही नाही. आज मलठण सोडल्यावर म्हणाली, "दादा, काच उघडते हां, कसंतरीच व्हतंय."

दुपारपर्यंत काही सुचेना. जेवण झाल्यावर ईश्वरला म्हणालो, चल, माझी रिकामी बस मलठणपर्यंत नेऊ आणि येताना तू चालव. कशी? मी सकाळी आणतो तशी. मिनिटाला मिनिट. तो म्हणाला, "तुमच्यावाणी? मग धरून बसा." मी जाऊन तिच्या सीटवर बसलो. चाकाच्या मागं.

पहिला स्पीडब्रेकर – डोकं टपाला. वळणावर मी खिडकीवर, मग मधल्या वाटेत. ब्रेक, रेस, ब्रेक, रेस. स्टिअरिंगवर बसलं की पुढचा गचका आधी कळतो, पोट तयार असतं. इथं मागं काहीच कळत नाही. पाचव्या-सहाव्या ब्रेकरनंतर तोंडाला पाणी सुटलं. हात वर केला, ईश्वरने गाडी थांबवली, आणि मी – नऊ वर्षांचा अनुभवी ड्रायव्हर – रस्त्याच्या कडेला ओणवा! भाकरी, पिठलं, सगळं.

ईश्वर पाण्याची बाटली घेऊन उभा राहिला. हसला नाही. त्याचंच जास्त लागलं मला. म्हणाला, "आम्हाला वाटायचं तुम्हाला म्हायती हाय."

आता सगळं समजतं. संध्याकाळी घाई नसते, म्हणून पोरगी शेंगा खायची. सकाळची ती सात-आठ मिनिटं मी मामांना देतो आणि मागच्या सीटवाल्यांच्या पोटातून वसूल करतो. आणि तिला नाटकी म्हणालो. मीच! स्वतःचीच चीड येतेय.

बुधवार, २९ जानेवारी

मामांना म्हणालो, वेळेवर या, मला गाडी हळू न्यायचीय. म्हणाले, "म्हस घड्याळ बघून पान्हावती व्हय? त्या पोरीसाठी मला शिकिवतो? तुला गाडीवर कुणी बसिवलं, इसरलास?"

घरी आलो तर सुवर्णा बोलत नाही. फोन आधीच आला होता.

शुक्रवार, ३१ जानेवारी

खाडे सहा, आणखी एक झाला की नाव कट. वैष्णवीच्या घरी गेलो. अंगणात तिचे आप्पा खुर्च्या पुसत होते. रविवारी दौंडचे पाहुणे. मी सगळ्यांदेखत सांगितलं – चूक पोरीची नाही, माझ्या चालवण्याची आहे. मलाही उलटी झाली. आप्पांनी पुसायचं फडकं खांद्यावर टाकलं. मग म्हणाले, "उद्या एक दिस बघू. न्हाई जमलं तर परवा पाहुणे हायेतच."

दारापर्यंत ती सोडायला आली. "दादा, तुम्ही हळू चालवाल. पण मामा आलेच न्हाईत टायमावर, तर?"

चप्पल घातली आणि निघालो.

शनिवार, १ फेब्रुवारी

पाच एकावन्नला, ठरल्या वेळेला, डेअरीच्या वळणावर. वैष्णवी मागं, पिशवी हातात. घड्याळ लावून दोन मिनिटं थांबलो. आरशात मामा दिसले – किटली घेऊन पळत होते, हात करत होते. गाडी काढली.