हजारात दीडशे कमी

४ नोव्हें., मंगळ.
शेवटी अठ्ठावीस नंबरची तार. सव्वीस घेतली तर वेढे कमी बसतात. तीस घेतली तर फार बारीक, नानाच्या हातात तुटेल. डिसेंबरच्या प्रदर्शनात कॉलेजच्या टेबलावर टेस्ला कॉइल ठेवणार म्हणजे ठेवणार, वीतभर ठिणगी उडाली पाहिजे. दुय्यम गुंडाळीला हजार वेढे हवेत. नेटवरच्या तक्त्यावरून लांबी काढली, पाइपवर पेनाने दोन खुणा केल्या. या खुणांच्या मध्ये हजार बसलेच पाहिजेत. तार घेताना दुकानदार म्हणतो, "मॅडम, मोटर जळली का?" म्हटलं, अजून नाही.

९, रवि. धुळे.
पाइप, तार नानाच्या हवाली. सगळा जन्म मोटरी वाइंड केल्या या माझ्या भावाने, आणि मेंदूचा झटका आल्यापासून दुकान बंद. हात-पाय ठीक आहेत, पण डोक्याचीच भीती घेतली आहे त्याने. मुद्दामच काम दिलं. मशीनचा वेढे मोजायचा काटा कधीचा मोडलेला. त्याची जुनी रीत, दर शंभर वेढ्यांना वाटीत एक चिंचोका. म्हणाला, "हाई जमनं ते दुकान उघाडसू. नही जमनं ते प्रशांत म्हनस तसं मशीन ईकी टाकसू." प्रशांत, त्याचा मुलगा, पुण्याहून हेच घोकतोय. मी म्हटलं, जमेलच. मोठी आली सांगणारी.

१३, गुरु.
नानाचा फोन. दुसऱ्या खुणेपाशी तार संपवली, वाटीत चिंचोके आठच, वर पन्नासेक वेढे. "शकू, दीडशे येढा कोठे गयात? चिंचोका टाकाना भुलनू का मी?" तास सुरू होत होता. घाईत म्हटलं, लांबी बरोबर आहे, मोजण्यातच काहीतरी झालं असेल. तो म्हणाला, तू मॅडम शे, तुना हिशोब कसा चुकी.

१६, रवि.
वहिनींचा फोन. नानाने सगळी तार उलगडून पुन्हा पहिल्यापासून गुंडाळली. पुन्हा आठ आणि पन्नास. जेवला नाही. प्रशांतला स्वतःच सांगितलं, गिऱ्हाईक बघ. चाळीसगावचा कुणीतरी मशीन घेतोय. वहिनींच्या आवाजात सुटल्यासारखं, "बरं झालं बाई, आता घरी तरी बसतील." माझ्या मनात आधी काय आलं? प्रदर्शनाचं कसं होणार. लाज वाटते लिहिताना.

१८, मंगळ.
अकरावीचं प्रॅक्टिकल, स्क्रू गेज. दाखवायला त्याच तारेचा माझ्याकडे राहिलेला तुकडा धरला. ०.३८ मि.मी. पुन्हा घेतलं, तेच. तक्त्यात अठ्ठावीसला ०.३२.
तक्ता अमेरिकन नंबरांचा. आपल्या बाजारातली अठ्ठावीस इंग्लिश मापाची, जाड. त्या दोन खुणांमध्ये हजार वेढे बसणारच नव्हते, मोजणारा कुणीही असो.
आणि दोन्ही वेळा आकडा एकच आला. डोकं गेलेल्या माणसाचे आकडे असे जुळतात का? दोन वाचनं जुळली तर दोष दुसरीकडे शोधा, हे मीच तर वर्गात सांगते.

१९, बुध.
फोन लावला. तब्येत, थंडी, वांग्याचं भरीत. मूळ गोष्ट ओठांवर आली आणि गिळली. तो ओळखीपाळखीत सांगतो, मन्ही बहीन फिजिक्सनी मॅडम शे. त्याच्या तोंडून ते ऐकणं मला सोडवत नाही. त्यासाठी भाऊ स्वतःला वेडा समजत बसला तरी चालेल? चालतंय की, आज चालवलंच मी.

२०
पुन्हा नाही. उद्या

२३, रवि. धुळे.
सांगितलं. तक्ता दाखवला, स्क्रू गेज नेलं होतं, त्याच्यासमोर तार मोजली. म्हटलं, नाना, तुझे वेढे बरोबर होते, माझी लांबी चुकली, मला मंगळवारीच कळलं आणि मी गप्प बसले.
त्याने सगळं ऐकून घेतलं. मग हसला. "मना मन राखाले बोलस ना तू? ल्हानपनी बी आसंच. भांडं मी फोडं, नि तू म्हने मीच फोडं."
मी ओरडलेच. नाही रे बाबा, खरंच माझी चूक! जितकी ओरडते, तितका तो समजुतीने मान हलवतो. आपल्या बाजारातली तीस नंबर आणली होती, तक्त्यातल्या अठ्ठावीसच्याच जाडीची, ती पुढे केली. चिमटीत धरून पाहिली, "बारीक शे," आणि फळीवर ठेवली.
वहिनींनी डोळे पुसले. "आशी बहीन बठ्ठासले मिळो." सगळ्यांना, म्हणे. ताटात तूप वाढलं, नेहमीपेक्षा जास्त. मी खाल्लं.
मशीन न्यायला टेम्पो उद्या दुपारी येणार. म्हटलं, मी थांबते, सकाळी दोघं मिळून नव्याने गुंडाळू. नाना म्हणाला, "कशाले? तुनं कॉलेज शे ना."
रजा कळवली. थांबले आहे.