उशीखालचा नीलम

सारंगखेडा,
गुरुवार, आखाजी (अक्षय्य तृतीया) तोंडावर

ती. सौ. आशाताईंना,

गायत्रीचा वाकून नमस्कार (वाकल्यावर कंबर सरळ व्हायला अलीकडे जरा वेळ लागतो, तेवढा वेळ तो तुमच्याच नावाने चालू असतो असं समजावं). दाजींचा गुडघा कसा आहे? पपईवरचा पिवळेपणा हटला का? आणि तुमची झोप? रात्री डोळाच लागत नाही असं तुम्ही म्हणालात, तेव्हापासून मी रोज आडवी होताना तुमची आठवण काढते आणि लगेच झोपते. तुमच्या वाट्याची झोपही मीच घेते की काय, अशी शंका येते. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. हे वाक्य पत्रात सगळेच लिहितात, पण या खेपेला त्याच्यामागे चार माणसांचे अतोनात कष्ट आहेत, ते पुढे कळेलच.

फोन सोडून पत्र का, असं तुम्हाला वाटेल. ताई, आपल्या घरात फोन कुकरसारखा आहे, तो वाजला की सगळ्या घराला कळतो. माझी सासू, म्हणजे तुमची माय, तिला स्पीकर लावल्याशिवाय ऐकू येत नाही, आणि स्पीकर लावला की गल्लीतल्या गंगीबाईलाही ऐकू येतं, आणि ती मधूनच उत्तरं देते. म्हणून हे पत्र. पपईची गाडी घेऊन वीरसिंग म्हसावदला येतो, त्याच्या हाती देत आहे. पाकीट भाताच्या शितांनी चिकटवलंय. वाचून झालं की चुलीत घाला, कारण सगळ्या प्रकरणाचं मूळ तुम्ही आहात.

तो नीलम. माझी भिशी लागली हे तुम्हाला माहीत आहे. त्या पैशातून मी नीलम घेतला हे माय तुम्हाला फोनवर रडवेल्या आवाजात बोलली, तेही माहीत आहे. पण का घेतला, हे मला कुणी धड विचारलं नाही आणि मला धड सांगता आलं नाही. बघा, मी दिवसभर लोकांचे ब्लाउज शिवते. माझ्याकडे निळ्या दोऱ्याच्या रिळांचं एक आख्खं खोकं आहे, मोरपंखी, आकाशी, शाईचा, जांभळाकडे झुकणारा. बायका कापड आणतात, मी त्याला जुळणारा निळा ओवते, शिवते, आणि गुरुवारी देऊन टाकते. एकदा तिन्हीसांजेला पुलावरून येताना तापीवर एक निळा उतरला होता. त्याला जुळणारं रीळ माझ्याकडे नव्हतं. मग मोबाइलवर काहीतरी बघताना एका खड्यात तोच निळा दिसला आणि मनात आलं, जो गुरुवारी परत द्यायचा नाही असा एक निळा आपल्याकडे असावा. एवढंच. पण हे सांगितलं आणि घरात गहजब झाला. कंबर दुखते म्हणून घेतला, दुकान चालत नाही म्हणून घेतला, साडेसाती आहे म्हणून घेतला, असं काहीही चाललं असतं. आवडला म्हणून नीलम घेतला, हे मात्र मायला कोणत्याच देवाला समजावता येईना. “शनी काय जवाई शे का वं, हौस म्हनीसन घरमा बलावाले?” असं ती म्हणाली. मी मशीनवर बसून निळं रीळ ओवलं.

पण खरेदीच्या वेळी हेच सगळे माझ्यापेक्षा जास्त रंगले होते, हे तिने तुम्हाला सांगितलं नसणार. ऑनलाइन खडा घेणं म्हणजे फोटोवरून सून पसंत करणं, ताई. फोटोत सगळेच तेजस्वी. एका नीलमचा रंग इतका निळा की रिनचं पाणी वाटावं, आणि किंमत एखाद्या बऱ्या साडीइतकी, वर ‘शंभर टक्के नैसर्गिक’. हे (म्हणजे तुमचे धाकटे भाऊ, जे बियाण्याच्या पिशवीवरचा लॉट नंबर पाहिल्याशिवाय स्वतःच्या बापालाही बी विकत नाहीत) म्हणाले, इतक्या स्वस्तात इतकं चांगलं बी असलं तर ते उगवत नाही. मग बसून वाचलं तेव्हा कळलं की जमिनीतून निघालेले बरेचसे नीलम भट्टीत घालून तापवतात, म्हणजे फिके होते ते गडद होतात आणि आतले डाग विरघळतात. काहींमध्ये वरून रंग मुरवतात, आणि काही तर कारखान्यातच जन्मतात. न तापवलेला, जसा निघाला तसा, तो दुर्मीळ. आणि त्याचं प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र विक्रेत्याने पाठवलेल्या फोटोवर मानायचं नाही, त्यावरचा नंबर त्या प्रयोगशाळेच्याच साइटवर टाकून बघायचा. यांनी तो नंबर इतक्या वेळा टाकला की साइट थकून बंद पडली.

आबांचं तर काय सांगू. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात त्यांनी जन्मात घोडा घेतलेला नाही, पण त्यांच्या मताशिवाय एकही घोडा इथून गेलेला नाही, हे तुम्ही त्यांच्याच तोंडून लहानपणापासून ऐकलं असेल. मी त्यांना खड्याचा फोटो दाखवला. त्यांनी मोबाइल लांब धरला, जवळ धरला, उलटा केला आणि म्हणाले, “उभं घोडं कोन्हीबी दखाडस. त्याले म्हनं, चालाडीसन दखाड!” आणि खरं सांगते, तेच बरोबर निघालं. जयपूरच्या विक्रेत्याला मी लिहिलं की खडा हातावर ठेवून, उन्हात आणि सावलीत फिरवून व्हिडिओ पाठवा. फोटोत जो राजबिंडा होता तो फिरवल्यावर मधोमध रिकामा, खिडकीतून पलीकडचं दिसावं तसा. दुसरा ट्यूबलाइटखाली झकास आणि सावलीत कोळसा. तिसऱ्याच्या आत काहीच नव्हतं, एक रेघ नाही, ठिपका नाही. मी हरखले, पण आबांनी मान हलवली. बिनडागी घोडा फक्त कॅलेंडरवर असतो, म्हणाले. मग त्यांनी स्वतःच विक्रेत्याला आवाजी निरोप पाठवला, “भाईसाब, गुण मत बताव. ऐब बताव पयले.”

तो निरोप ऐकून तो माणूस बिचारा खुर्चीत सरळ बसला असणार (आबांच्या आवाजाने जयपूरही सरळ होतं). संध्याकाळी त्याचं उत्तर आलं, चौथ्या खड्याच्या व्हिडिओसकट. एका कडेला पिसासारखी बारीक रेघ आहे, रंग एका बाजूला किंचित दाट आहे, आत रेशमासारखी धूसर तार आहे, पण तापवलेला नाही, आणि पसंत नसेल तर आठवड्यात परत घेईन. ताई, ज्याने आपलं पीस आधी दाखवलं, त्याच्यावर माझा जीव बसला. माझ्यातही कडेला अशा दोनचार रेघा आहेत, आणि मलाही कुणी भट्टीत घालू नये असंच वाटतं. शिवाय तो निळा पुलावरचाच होता.

शुक्रवारी पार्सल आलं. यांनी कपाशीवरचे तुडतुडे बघायचं भिंग आणलं, पाऊण तास खड्यावर वाकून बसले आणि जाहीर केलं की आत बुडबुडा नाही, म्हणजे काच नाही, रेशीम आहे, म्हणजे भट्टी नाही, आणि तुडतुडेही नाहीत. इथवर सगळं गोड होतं. पण मायने ‘तापवलेला नाही’ एवढंच ऐकलं आणि दाराबाहेरच्या उन्हाकडे बघितलं. “इतला उनमा वना, आते तो तापना नही का?” आता त्या भट्टीपुढे आपलं ऊन म्हणजे माठातलं पाणी, हे मी सांगितलं. पण आपल्या तालुक्यात वैशाखात माणूससुद्धा बिनतापवलेला राहत नाही, तिथे खड्याचा काय भरवसा, असं तिचं म्हणणं. तेव्हापासून नीलम दिवसा फ्रिजमध्ये, अंड्यांच्या खाचेत. आणि त्याच संध्याकाळी तुमचा फोन आला, स्पीकरवर, की नीलम तीन रात्री उशीखाली ठेवून बघतात, तेवढ्यात घरात काही वाईट झालं तर ताबडतोब परत करायचा. (ताई, तुम्हाला माझ्याबद्दल राग नव्हता, मला माहीत आहे. पण त्या वेळी मी मनात तुम्हाला जे म्हटलं त्याबद्दल माफी.)

मायने अट घातली. शनीचा खडा म्हणून मोजणी शनिवारपासून, आणि मंगळवार सकाळपर्यंत काही अशुभ घडलं, तर खडा जयपूरला.

आता तुम्हीच सांगा, आपल्या घरात तीन दिवस काही न होता कधी गेले आहेत का? शनिवारी सकाळीच गंगीबाईची शेळी गच्चीवर चढली आणि वाळत घातलेल्या कुरडयांचा एक कोपरा फस्त केला. मी उरलेल्या कुरडया लांब लांब सरकवून सगळा पलंगपोस भरून टाकला. मायने वर येऊन बघितलं, यंदा विरळ पडल्या म्हणाली आणि गेली. रविवारी हे लंगडत घरी आले. विचारलं तर “काही नही वं, चमक भरनी” असं म्हणून भिंत धरून आत गेले. सकाळी गेले ते काळ्या पँटमध्ये आणि परत आले ते दुकानातल्या हमालाच्या लेंग्यात, पण पँटचं मी काही विचारलं नाही. कुठेतरी पडले असतील तर ते मला माहीत नसलेलं बरं. आणि रविवारपासूनच आबांनी मौन धरलं. आबांनी! हाताने खुणा करू लागले, कळण्याची भाकरी बाजूला सारून नुसतं वरण प्यायले. शनीसाठी व्रत धरलं म्हणून मायचे डोळे भरून आले, तिने त्यांना वाकून नमस्कार केला. आबा हसलेसुद्धा नाहीत, तोंड घट्ट मिटून आशीर्वाद दिला.

सोमवारी माझी पाळी होती. इस्त्री करताना फ्रिजमधला खडा एकदाच बघून यावा म्हणून उठले (ऊन दारातून येतं तेव्हा त्याच्यातली रेशमाची तार उजळते, आखाजीला आल्यावर दाखवीन), आणि परत येते तो गिऱ्हाइकाच्या ब्लाउजच्या पाठीवर इस्त्रीचा तपकिरी ठसा. निळाच ब्लाउज. तो काही आता बिनतापवलेला राहिला नाही. मी तो पदराखाली घेतला आणि कोणी बघायच्या आत मागे कडब्याच्या खोलीत गेले, कारण तिथे कुणी जात नाही.

कुणी जात नाही कसलं! पेंढ्यांमागे हात घातला तर आधी यांची काळी पँट आली, गुडघ्यावर फाटलेली, चिखल वाळून कडक झालेला. तिच्याखाली आबांचा रुमाल, आणि रुमालात त्यांची कवळी, मधोमध दोन तुकडे. घोड्यांचे दात बघून वय सांगणारा माणूस दोन दिवस तोंड का उघडत नव्हता ते तेव्हा कळलं. ताई, मी पदर तोंडात कोंबून हसले, आणि मग तिथेच कडब्यावर बसून थोडं रडलेही. मला वाटत होतं या घरात तो निळा मला एकटीलाच हवा आहे. (आणखी एक गाठोडंही होतं. त्याचं शेवटी सांगते.) माझा ब्लाउज मी त्यांच्याशेजारी ठेवला, वर पेंढी सारखी केली आणि चहा टाकायला आले.

मंगळवारी सकाळी मायने सगळ्यांना ओटीवर उभं केलं. काही झालं का, म्हणून एकेकाला विचारलं. आबांनी आकाशाकडे बोट केलं आणि छातीवर हात ठेवला. हे एका पायावर उभं राहून “छे, कथाले?” म्हणाले. मी म्हटलं, सगळं छान आहे. मग तिने चुलीकडे बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाली, “काही वाईट व्हयनं नही. ऱ्हाऊ दे तुन्हा खडा.” आणि झपकन आत गेली. परत करायचा आठवडा आज संपतोय, आणि आज गुरुवार आहे. ब्लाउज मी नवं कापड आणून शिवून दिला. खडा दिला नाही.

दाजींना नमस्कार. लवकर या.

तुमची,
गायत्री

ता. क. – आबा आता बोलतात, शहाद्याहून नवी कवळी आली आहे. तिच्यामुळे त्यांचा प्रत्येक शब्द थोडा खिंकाळल्यासारखा येतो. हसू नका.

ता. क. – आता ते गाठोडं. ते मायच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेलं होतं, गाठ तिचीच, दोनदा पिळलेली. आत आपलं मांडे भाजायचं मातीचं खापर होतं, चार तुकड्यांत. आखाजीच्या तोंडावर, ताई! दुसऱ्या कुणाच्या हातून फुटलं असतं तर तिने गाव गोळा केलं असतं. तिने ते बांधलं, लपवलं, आणि ओटीवर उभी राहून काही वाईट झालं नाही म्हणाली. मला कळलंय हे तिला माहीत नाही. कळूही द्यायचं नाही. म्हणून खरं काम हे, की तुम्ही येताना तिकडून एक खापर घेऊन या, गोणपाटात गुंडाळून, मागच्या दाराने. नवं नको, मांडा फाटतो. नीलम बिनतापवलेला लागतो, खापर मात्र चांगलं तापून काळं झालेलं हवं. दिवसाच्या उजेडात बघा, टिचकी मारून आवाज ऐका, आणि ज्याचं आहे त्याला आधी दोष विचारा. व्हिडिओ पाठवू नका, फोन माय बघते. मी ते हळूच उतरंडीमागे ठेवीन. ती बघेल, मग माझ्याकडे बघेल, आणि मी रिळं लावत बसेन. आणि आखाजीला पहिला मांडा फाटलाच, तर तो माझ्या हाताने फाटला असं तुम्ही सगळ्यांच्या आधी ओरडा.