हौसेची जर्मन

बोरीवली (पूर्व),
रविवार, ५ जानेवारी २०२५

चि. मानसी हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

आम्ही दोघं बरे आहोत. थंडीने आईचा गुडघा धरतो, तरी भाजीला देवीपाड्याचा चढ चालूनच जाते, रिक्षा करत नाही. तुझ्या मुलुंडच्या हॉस्टेलवर आता पाणी नीट येतं का? रात्रपाळीला जेवण टाळू नकोस.

फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर आपलं "बरी आहेस ना?", "हो बाबा, आईला द्या" एवढंच होतं. त्यात तुझी चूक नाही. मला कागदावर जरा बरं पडतं.

बातमी म्हणजे माझ्या वर्गाचीच. जर्मनचा वर्ग चालू आहे. शर्मिष्ठा मॅडम दर रविवारी सकाळी आपल्या मागच्या सोसायटीच्या हॉलमध्ये घेतात. आम्ही चौदा जण. तेरा जण जर्मनीला जायला निघालेले, चौदावा मी. माझ्या शेजारी निधी नावाची बाई बसते, पस्तिशीची, नवरा तिकडे नोकरीला आहे. तोंडाने फटकळ, पण स्वतःचीच असल्यासारखी माझी वही बघून लिहिते. परवा म्हणाली, "काका, तुम्ही का शिकताय यार? तुम्हाला कुठे जायचंय?"

"कुठे नाही. हौस म्हणून."

"हौसेने माणूस मासे आणतो, काका. हौसेने कोण असली डोकेफोड करून घेतो?"

सगळे हसले. मीही हसलो.

हौसच आहे म्हणा. अंधेरीच्या आमच्या कंपनीत जर्मन यंत्रांची खोकी यायची, तेव्हापासूनची. स्टोअरमध्ये बसून मी खोक्यांवरचे शब्द वहीत उतरवायचो. गावच्या शाळेत इंग्रजी पाचवीत सुरू झालं, तेही मास्तर रजेवर नसतील तेव्हा. त्यामुळे परक्या भाषेतलं एखादं वाक्य कळलं, की कुणीतरी दार उघडून आत घेतल्यासारखं वाटायचं. तू बारावीत असताना तुला पहिल्यांदा जर्मनच्या वर्गाला घेऊन गेलो तो मीच. आपण दोघं स्वयंपाकघरात एकमेकांना शब्द विचारायचो आणि आई म्हणायची, "माझ्याबद्दल बोलत असाल तर मराठीत बोला." पुढे तू माझ्या फार पुढे गेलीस. माझी हौस राहिली, तुझं ते शिक्षण झालं.

आईने सांगितलं, की तिकडच्या हॉस्पिटलचं तुला पुन्हा पत्र आलंय. वीस तारखेपर्यंत उत्तर द्यायचं आहे आणि तू नाही कळवणार आहेस. "देवाने एकदा डावा कौल दिला, नाही म्हणाला, आता परत कशाला विचारायचं," असं म्हणालीस म्हणे. आईचं म्हणणं, मी या जत्रेला गावी जाऊन पुन्हा कौल लावून यावं. मी तिला सांगितलं, स्टोअरमध्ये मालाची मोजणी आहे, रजा मिळणार नाही. गेली तीन वर्षं जत्रेच्या वेळी काही ना काही निघतंच.

तू मात्र नाही कळवायची घाई करू नकोस. एवढंच लिहायचं होतं. आणखीही काही होतं, पण आता आई चहाला बोलावते आहे.

तब्येतीला जप.

बाबा



बोरीवली (पूर्व),
रविवार, १२ जानेवारी २०२५

मानसी,

पत्र मिळाल्यावर तुझा फोन आला. म्हणालीस, "घाई कसली बाबा, शनिवारी सुट्टी आहे, तेव्हा नाही कळवून टाकते. देवाच्या शब्दाबाहेर जायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत ना." मी बरं म्हटलं आणि फोन आईला दिला. नंतर बराच वेळ गॅलरीत उभा राहिलो. खाली कुणीतरी गाडी धूत होतं, ते बघत होतो.

आज वर्गात मॅडमनी प्रत्येकाला उभं केलं. आपल्या आयुष्यातला असा एक दिवस सांगायचा, जो बदलता आला तर बदलाल. फक्त जर्मनमध्ये, सात-आठ वाक्यं. निधीने लग्नाचा दिवस सांगितला आणि नवऱ्याला कळवू नका म्हणाली. मग माझी पाळी आली.

मी ठरवून काही गेलो नव्हतो. गाडी चुकली वगैरे सांगणार होतो. पण उभा राहिलो आणि दुसरंच आलं. मराठीत मी ही गोष्ट स्वतःला तीन वर्षं सांगतोय. त्यात परिस्थिती येते, आईची तब्येत येते, जगात काय चाललंय ते येतं, मुलीच्या जातीची काळजी येते. जर्मनमध्ये मला यातलं काही नीट म्हणता येत नाही. जवळ होते ते साधे शब्द. त्यांची वाक्यं झाली ती अशी: माझी मुलगी दूर जाणार होती. मी देवाला विचारलं. देव हो म्हणाला. मी घरी आलो. मुलीला सांगितलं, देव नाही म्हणाला. तिने माझं ऐकलं.

मॅडमनी एक शब्द सुधारला आणि पुढच्याला उभं केलं. वर्ग सुटल्यावर निधी चपला घालता घालता म्हणाली, "काका, खरं होतं का ते? की वाक्यं जमवलीत?"

"वाक्यं जमवली," मी म्हटलं.

तिच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं हसू आलं. "मला वाटलंच. तुम्ही कसले तसे."

मानसी, तेरा माणसांसमोर खरं बोलून पाच मिनिटं झाली नव्हती आणि मी पुन्हा खोटं बोललो. घरी आलो, आंघोळीचं पाणी काढलेलं तसंच ठेवून लिहायला बसलो आहे.

तीन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत मी एकटाच गावी गेलो. तू यायचं म्हणत होतीस, तुला परीक्षा आहे म्हणून थांबवलं. रवळनाथासमोर धोंडूकाका गुरवांनी गाऱ्हाणं घातलं. तुझं नाव घेतलं, तुझं नर्सिंगचं शिक्षण सांगितलं, परदेशातली नोकरी सांगितली. मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या लावल्या. मी हात जोडून उभा होतो, पण खरं सांगतो, मी विचारायला गेलो नव्हतो. देवाकडून नकार आणायला गेलो होतो. नाही मला म्हणायचं होतं आणि ते त्याने म्हणावं अशी माझी इच्छा होती. तू तिकडे गेलीस की तिकडचीच होशील, घरात आम्ही दोघं एकमेकांची औषधं विचारत बसू, या भीतीपलीकडे माझ्याकडे कारण नव्हतं.

पाकळी लगेच पडली. उजवीकडची. कधी कधी तासभर वाट बघावी लागते, त्या दिवशी गाऱ्हाणं संपायच्या आत पडली. धोंडूकाकांना फार आनंद झाला. म्हणाले, "उजवो दिल्यान मरे. आता कसली वाट बघतंस? चेडवाक धाड." मुलीला पाठव, असं पुन्हा बजावत त्यांनी नारळाचा प्रसाद दिला, तो मी पिशवीत ठेवला.

एसटीत ती पिशवी मांडीवर होती. कणकवली येईपर्यंत मी ठरवलं होतं, खरं सांगायचं. त्यानंतर ते ठरलेलं कधी बदललं ते मला सांगता येणार नाही. दार तू उघडलंस. हातात जर्मनचं ते जाड पुस्तक होतं, बोट पानात अडकवलेलं. मी म्हटलं, "डावा."

तू रडली असतीस, भांडली असतीस, तर कदाचित मी तिथेच मोडलो असतो. तू म्हणालीस, "बरं बाबा. हात-पाय धुऊन घ्या, पोहे करते." रात्रीच्या जेवणाला तू प्रसादाचं खोबरं वाटलंस. मी ते खाल्लं.

तू देवभोळी नाहीस, हे मला माहीत आहे. तुझा विश्वास कौलावर कमी आणि माझ्यावर जास्त होता. बाबा देवाचं नाव घेऊन खोटं बोलणार नाहीत, एवढ्यावर तू सगळे कागद कपाटात ठेवलेस. त्यानंतर तू जर्मनचा एक शब्दही या घरात बोलली नाहीस. वर्षभराने मुलुंडची नोकरी धरून हॉस्टेलवर गेलीस. ज्या मुलीला घरात ठेवायला मी हे केलं, ती घरात राहिली नाहीच. तुझी पुस्तकं मी काढली आणि वर्गाला नाव घातलं. लोकांना हौस म्हणून सांगतो. पानांच्या कडेला तू पेन्सिलीने लिहिलेलं वाचायला मिळतं, हे खरं कारण.

त्या दिवसापासून मी रोज देव्हाऱ्यात दिवा लावतो, पण काही मागत नाही. गावीही गेलो नाही. देवाची भीती वाटते असं नाही. तो रागावेल तर ते मी बघेन. पण धोंडूकाका विचारतील, "चेडू पोचला मा नीट?" त्या म्हाताऱ्याला काय सांगू?

आई पुन्हा कौल लावायला सांगते, ते होणार नाही. त्याला दोनदा विचारायचं नसतं, एकदा स्पष्ट सांगितल्यावर तर नाहीच. त्याचं उत्तर तीन वर्षं माझ्यापाशी पडून होतं, ते तुझं तुला देतो आहे. त्याच्यापुढे काय करायचं ते तू ठरव. तुला आता जायचंच नसेल, तर ते तुझ्या मनाने असू दे, माझ्या खोट्यावर नको. तीन वर्षं मात्र मला परत देता येणार नाहीत. त्यावर लिहायला माझ्याकडे कुठल्याच भाषेत काही नाही.

पोस्टावर सोडायला शनिवारपर्यंत वेळ नाही. उद्या मीच मुलुंडला येऊन हे पाकीट तुमच्या वॉचमनकडे देईन. तुला खाली बोलावणार नाही. तुझ्यासमोर उभं राहून बोलायची हिंमत असती, तर ती फेब्रुवारीतच असायला हवी होती.

आईला यातलं काही ठाऊक नाही. मुलुंडहून परत आलो की तिला सांगणार आहे. तिने तुला फोन केला आणि रडली, तर तिला समजव. माझी बाजू घेऊ नकोस.

मला उत्तर लिहू नकोस. फोनही करायला नको. शनिवारच्या आत जे कळवायचं, ते त्यांना कळव.

ज्याच्या शब्दावर तू थांबलीस तो,

बाबा