झाकणाची आतली बाजू

ता. ४ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

इकडे सगळे बरे आहेत, माझी लाज सोडून. बाबांनी कातलेला कापराच्या लाकडाचा डबा तू पार्सलने पाठवलास, तो मी सासूबाईंना दिला. त्यांनी मोठ्या हौसेने त्यात आपले हातरुमाल घडी करून ठेवले. काल घरी चार पाहुणे बसलेले असताना त्यांना शिंक आली आणि त्यांनी रुमाल नाकाला लावला. दादा, बसस्टँडवरच्या मुतारीत पांढऱ्या गोळ्या टाकतात ना, त्यांचा वास. नुसता भपका! समोरच्या बाईंनी खुर्ची मागे सरकवली. सासूबाईंनी मला आत बोलावून एवढंच विचारलं, की तुझ्या वडिलांचा आमच्यावर काही राग आहे का.

मी डबा उघडून पाहिला. झाकण आतून कोरं, पॉलिशशिवाय, बाबांच्या नेमाप्रमाणेच. तळाला त्यांची खूणही आहे, फिरत्या लाकडाला तार टेकवून जाळलेल्या दोन बारीक रेघा. आणि बाबा तर प्रत्येक डबा उघडून हुंगल्याशिवाय ही खूण करत नाहीत. मग हा त्यांच्या नाकाखालून निसटला कसा? तू एकदा कारखान्यात जाऊन बघ. व्याकरणातले अपवाद शोधतोस, तसा हाही शोध.

तुझी माया आहे तशीच राहू दे, ही विनंती.

तुझी,
चिमी


ता. ११ फेब्रुवारी

चि. सौ. चिमीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून प्रथम मी तुझ्या सासूबाईंच्याच नाकावर शंका घेतली. माहेरची बाजू घेणं हे भावाचं कर्तव्य आहे. पण पुढचं ऐक, आणि जेवायची वेळ असेल तर आधी जेवून घे.

सोमवारी शाळा सुटल्यावर मी कारखान्यात गेलो. दारातच पाय अडले. गंध हा पृथ्वीचा गुण आहे असं तर्कशास्त्र सांगतं. त्या दिवशी पृथ्वी जरा जास्तच गुणी झाली होती. लेथच्या मागे, फळ्यांच्या थप्पीखाली, एक उंदीर मरून पडला होता. किमान चार दिवसांचा. फुगून फुटलेला. बाकीचं वर्णन तुझ्यासाठी गाळतो, मला मात्र ते गाळता येत नाही. तेव्हापासून भात पाहिला तरी आठवतं. आणि त्यापासून दोन हातांवर आपले बाबा त्यांच्या नेहमीच्या ओंडक्यावर बसून, पटाशी धरून, मजेत गुणगुणत एका डब्याची कड साफ करत होते. मी नाकाला रुमाल लावलेला पाहून त्यांनी काय झालं म्हणून विचारलं. मी सर्दी म्हटलं. त्यांनी आल्याचा काढा घ्यायला सांगितलं.

ज्याने जन्मात खडूपेक्षा जड काही उचललं नाही त्या तुझ्या भावाने, बाबा हात धुवायला गेल्यावर, तो उंदीर फावड्याने उचलून बाहेर नेला. वाटेत दोनदा ओकारी आली. पण उंदीर पुरताना डोक्यात उजेड पडला. गेल्या महिन्यात स्वयंपाकघरात दूध करपून काळं झालं तेव्हा बाबा शेजारीच पेपर वाचत होते, आणि मी पेपरला दोष दिला होता. चिमे, बाबांना वास येत नाही. बहुधा दोन वर्षांपूर्वीच्या त्या तापापासून.

मग मी तयार डबे उघडले. व्यापाऱ्याने मागवलेले चाळीस डबे कागदात गुंडाळून ठेवले आहेत, येत्या आठवड्यात जायचे आहेत. एक उघडला, दोन उघडले, सहा उघडले. सगळे तुझ्या सासूबाईंच्या जातकुळीचे. म्हणजे त्यांच्या डब्याच्या. प्रत्येकाच्या तळाला बाबांच्या दोन रेघा. लाकडाची खरेदी आणि दुकान आपल्या धाकट्या बंधुराजांकडे असतं, हे तुला वेगळं सांगायला नको. उद्या त्यांचा कान धरतो. बाबांना काही कळू द्यायचं नाही असं ठरवलंय.

सासूबाईंना नमस्कार सांग, पण लांबून. मुलांना पापा. आमच्यावरचा राग पत्रातच संपवावा.

तुझा,
दादा


ता. १५ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

दोन ओळीच लिहिते. वास गेला, मान्य. पण बाबांचे हात कुठे गेले? डोळे कुठे गेले? पन्नास वर्षं लाकूड कातणाऱ्या माणसाला दुसरं लाकूड लेथवर चढल्याचं कळलं नाही, हे मला पटत नाही. तू भाषेचा मास्तर, तुला फसवता येईल. त्यांना नाही. धाकट्याचा कान हवा तेवढा पिळ, पण प्रश्न बाबांना विचार. ते चाळीस डबे त्यांची खूण घेऊन गावोगाव गेले, तर त्यानंतर ते कुठल्या तोंडाने लेथवर बसतील?

मला शिसारी त्या वासाची नाही आली, दादा. घरात सगळे सगळ्यांपासून काही ना काही झाकतायत, त्याची आली. तूसुद्धा. म्हणे सर्दी!

रागावले तरी तुझीच,
चिमी


ता. २४ फेब्रुवारी

चि. सौ. चिमीस,
अनेक आशीर्वाद.

धाकटी बहीण बरोबर ठरली की थोरल्या भावाचं वजन घटतं. माझं या आठवड्यात बरंच घटलंय.

आधी धाकटेबुवा. पाणीटाकीजवळचं कापराचं झाड चार वर्षांपूर्वी वादळात पडलं, त्याचे ओंडके आपण गाडीत घालून आणले होते, आठवतं? त्यातले उरलेले सगळे त्याने एका हॉटेलवाल्याला विकून टाकले. त्या सद्गृहस्थाला न्हाणीघराच्या भिंती सुगंधी हव्या होत्या. बदल्यात कुठलंसं पांढरं, बेचव लाकूड आणलं आणि डांबरगोळ्या टर्पेंटाइनमध्ये विरघळवून त्याला पाजल्या. हे सांगताना त्याचा चेहरा शेंबूड पुसल्यासारखा स्वच्छ होता. मी तोंडाला येईल ते बोललो, त्यातलं काही संस्कृतात. त्याने ऐकून घेतलं आणि मग म्हणाला, की बाबांनी पास केलं होतं.

हे खरं निघालं. पहिल्याच दिवशी बाबांनी लेथ थांबवून त्याला विचारलं होतं की हे कुठलं लाकूड. याने झाडाच्या बाहेरच्या थराचं म्हणून ठोकून दिलं आणि एक ढलपी उचलून त्यांच्या नाकाशी धरली. बाबांनी हुंगली आणि हो म्हणाले. वास आहे म्हणाले. धाकटा स्वतःच चकित झाला. त्याला वाटलं होतं, आता थोबाडीत बसणार. बाबांच्या नाकाला चाललं तर आपण कोण शहाणे, असं त्याने मनाला समजावलं. मन त्याचंच, लगेच समजलं.

मग मी तू सांगितलंस तसं बाबांना विचारलं. त्यांनी लेथ बंद केला. खरं कापराचं लाकूड पटाशीखालून लांब, ओलसर वेटोळं होऊन निघतं आणि हे पिठासारखं उडत होतं. पहिल्या घासातच त्यांनी ओळखलं होतं. पण ढलपी नाकाशी आली तेव्हा दोनच वाटा होत्या. वास येत नाही असं कबूल करायचं, नाहीतर येतो म्हणायचं. ते येतो म्हणाले. एकदा म्हटल्यावर परत कसं फिरायचं, हे त्यांना कळेना. त्या दिवसापासून प्रत्येक डब्याला तार टेकवताना आपलीच थुंकी आपण चाटतोय असं वाटायचं, असं ते म्हणाले. लाकूड जळल्याचा धूर दिसायचा, पण वास नाही. आपला खोटेपणा आपल्या नाकाला कळत नव्हता, तेवढीच सोय होती म्हणे. मी खूप वेळ त्यांच्या नखांतल्या भुशाकडे बघत बसलो. मला सगळ्या सुभाषितांचा वीट आला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चाळीसच्या चाळीस डबे कागदांतून सोडायला लावले. एकेक उलटा करून लेथवर चढवला आणि तळ कातून स्वतःची खूण काढून टाकली. दोन दिवस लागले. धाकटा समोर बसून एकेक डबा हातात देत होता. त्याला कोणी बसवलं नव्हतं. कारखान्यात तो मुतारीचा वास असा काही उसळला की आम्ही दोघं डोळे पुसत होतो. बाबांना सोडून सगळ्यांना त्रास झाला. हे डबे आता त्या हॉटेलवाल्याच्या न्हाणीघराशेजारच्या खोलीत शोभतील, असं मी सुचवलं. धाकट्याने पुढचा डबा बाबांच्या हातात दिला. व्यापाऱ्याला बाबांनी स्वतःच्या हाताने पत्र लिहिलं: माल मिळणार नाही, लाकूड खोटं होतं, आणि माझं नाक दोन वर्षांपूर्वी गेलं. शेवटचं वाक्य लिहायला त्यांना पाऊण तास लागला. शुद्धलेखन मी तपासलं नाही.

आता या पत्रासोबत पाठवलेल्या तुझ्या पार्सलबद्दल. खरं लाकूड अजिबात उरलं नव्हतं, असं मी धरून चाललो होतो. बाबा उठले आणि आपला बसायचा ओंडका उचलून लेथवर चढवला. चार वर्षं ते त्या झाडाच्याच तुकड्यावर बसत होते. घरातलं एकमेव प्रामाणिक लाकूड म्हणजे आमच्या तीर्थरूपांचं आसन. त्यातून हा एकच डबा निघाला, बाकीचं मधे चिरलेलं होतं. आता ते उलट्या बादलीवर बसतात.

तळाला खूण नाही, ते चुकून राहिलेलं नाही. मी हुंगून सांगतो म्हटलं, पण उंदरासमोर सर्दी सांगणाऱ्याची साक्ष त्यांना चालत नाही. धाकट्याचा प्रश्नच नव्हता. ते म्हणाले, चिमीला पाठव. ती लहानपणापासून तोंडावर बोलते. तिने डबा उघडावा, आणि जे असेल ते लिहावं, बरं वाटावं म्हणून काही लिहू नये.

तेव्हा लिही. आणि थोडं जपून लिही असं म्हणणार होतो, पण तेच नको आहे.

तुझा,
दादा


ता. २ मार्च

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पार्सल काल दुपारी आलं. सासूबाईंना खोलीबाहेर बसवून मी एकटीनेच उघडलं. झाकण घट्ट होतं, फिरवताना हवेचा बारीकसा फुस्स आवाज झाला.

पहिल्यांदा काहीच आलं नाही. खोटं लिहायचं नाही म्हणून लिहिते. मग झाकणाची आतली बाजू तळहाताने चोळली, हात गरम होईपर्यंत, आणि परत हुंगली. आधी नाकात गार झालं, मग डोळ्यांच्या मागे. त्यानंतर थोडं मिरीसारखं तिखट, आणि सगळ्यात शेवटी गोडसर. तुम्ही कारखान्यातून आलात की आई तुमचा सदरा बाकीच्या कपड्यांत भिजवू द्यायची नाही, सगळ्याला वास लागतो म्हणून कुरकुरायची. आणि तुम्ही परगावी गेलात की तोच सदरा न धुता खुंटीवर ठेवायची. हा तो वास आहे.

एक दोषही सांगते. झाकणाच्या कडेला बोटभर जागी वास अगदीच कमी आहे. तिथलं लाकूड फिकट दिसतं. तुम्हाला ते माहीत असेलच, पण विचारलंत म्हणून.

डबा परत पाठवत आहे. तळाला तुमच्या दोन रेघा उमटवा आणि मग सासूबाईंच्या नावाने पाठवा. त्या दारातून दोनदा विचारून गेल्या. पुढे कुठलाही ओंडका आला की कातण्याआधी त्याची एक ढलपी मला पाकिटातून पाठवत जा. मी तोंडावर सांगेन. धाकट्यालाच टपालात टाकायला सांगा, त्याचे पाय तरी खरं काम करतील. आणि बादलीवर बसू नका, कंबर धरेल.

तुमची,
चिमी