पाठीला लावलेला पाय

दादा, परवा नातीनं माझ्या पाठीला पाय लावला, म्हणून हे लिहायला बसले. पोर सातव्या महिन्यात आहे, आरामाला माझ्याकडे आलीय. दुपारी जेवून जरा कलंडली आणि एकदम ओरडली. पोटरीत गोळा आला होता. डॉक्टरीणबाईंनी औषध लिहून दिलंय, पाणी भरपूर पी म्हणून सांगितलंय, पण गोळा काही कोणाला विचारून येत नाही. तिची आई तेलाची वाटी आणायला आत पळाली. मी पलंगाच्या कडेला तिच्याकडे पाठ करून बसले आणि म्हटलं, लाव पाय आणि दे जोर. तर म्हणते, आजी, तुला पाय कसा लावू? मी म्हटलं, लाव गं, मीही लावलाय एकदा. कोणाला, ते सांगितलं नाही. ते मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही.

तुम्ही मला दिलंत ते घर मोठं होतं, यात वाद नाही. पूर्णेकाठची देशमुखी, दारात चार बैलजोड्या, आणि हुंड्याचं नावही न काढता तुमच्यासारख्या मास्तरची मुलगी करून घेतलेली. तुम्ही झरीच्या शाळेत पोरांना उर्दूतून भूगोल शिकवणारे. ती काळी शेरवानी सोडली तर चारचौघांत मिरवावं असं तुमच्यापाशी काही नव्हतं. माझ्या लग्नानंतर तुमची मान ताठ झाली, ती मी पाहिलीय. त्या घरात गोषा होता. तुम्हाला ते ठाऊक होतं, पण ठाऊक असणं निराळं आणि त्यात बसणं निराळं. चौदा महिने मी रस्ता पाहिला नाही. माजघर, न्हाणी आणि मागचं अंगण, अंगणाची भिंत दीड पुरुष उंच. मारझोड नव्हती, उपासमार नव्हती. नवरा वाईट नव्हता, त्याचा दिवस बैठकीत जायचा आणि माझा आत. सांगण्यासारखं काही नव्हतं, म्हणूनच सांगता येत नव्हतं. लग्नात तुम्ही मला टाक, दौत आणि आठ कार्डं दिली होती, खुशाली कळवत जा म्हणून. पण कार्ड जायचं सासऱ्यांच्या कारकुनाच्या हातून, आणि तो ते वाचल्याशिवाय टपालात टाकत नसे. मी तीन कार्डं लिहिली. तिन्हींवर, सर्व खुशाल आहे. तुमचं उत्तर आलं, अक्षर सुधारले आहे. मला हसू आलं आणि मग इतका राग आला की उरलेली पाच कार्डं ट्रंकेच्या तळाशी टाकली.

मला दिवस राहिले आणि पाचव्या महिन्यापासून पायात गोळे यायला लागले. बसल्याजागी यायचे, दळताना यायचे, पहाटे कूस बदलली की यायचे. पोटरी दगडासारखी व्हायची आणि जीव डोळ्यांत यायचा. चालून पाय मोकळे होतात हे मला कळत होतं, पण चालायचं कुठं? न्हाणीपासून तुळशीपर्यंत अकरा पावलं. एकदा सासूबाईंना सांगितलं, तर शांतपणे म्हणाल्या, "मोठ्या घरच्या बायांचे पाय दुखत न्हाईत." मला वाटतं त्यांचेही दुखले असतील, आणि त्यांनाही कोणीतरी हेच सांगितलं असेल. त्यानंतर गोळा आला की मी तोंडात पदर धरायची आणि फरशीवर टाच रोवून भिंतीशी उभी राहायची. तुम्ही बाळंतपणाला न्यायला आलात, तेव्हा माझ्या मनात एकच गोष्ट होती. झरी येईपर्यंत तुम्हाला सांगायचं की मला परत या घरी पाठवू नका.

दमणी त्यांचीच, बैल त्यांचे, हाकणारा गडीही त्यांचाच. सोबत यायची ती बाई ऐनवेळी तापानं पडली, म्हणून आत मी एकटीच. दमणीला चारी बाजूंनी जाड पडदे. तुम्ही पुढं, गड्याच्या शेजारी, माझ्याकडे पाठ करून बसलेले. तुमच्यामाझ्यात एक पडदा आणि तुमच्यागड्यात वीतभर जागा. मी जे बोलेन ते दुसऱ्या दिवशी त्या घरात पोचणार, हे मला दमणीत पाय ठेवतानाच कळलं. चौदा महिने ज्या दिवसाची वाट पाहिली तो दिवस असा चाकांवर घातलेल्या माजघरात गेला. आत काळोख, कडब्याचा वास, पाय पसरायला जागा नाही. ऊन वर आलं आणि पहिला गोळा आला. मी ओरडले. गाडी थांबली. तुम्ही पडद्याआडून विचारलंत, काय झालं. मी म्हटलं, पायात गोळा आलाय, मला जरा खाली उभं राहू द्या, लगेच जाईल. तुम्ही काही बोलायच्या आत गडी म्हणाला, "वाटंवर उतरवायचं न्हाई म्हनून सांगितलंय मास्तर. बाजाराची मानसं जायलीत."

साठ पोरांना एका नजरेत गप्प बसवणारे तुम्ही. मी वाट पाहतेय. पोटरी वर वर चढतेय आणि मी वाट पाहतेय, की आता तुम्ही त्याला झापाल. तुम्ही नाही झापलंत. तुम्ही बूड मागं सरकवलंत, पडद्याला पाठ टेकलीत आणि खालच्या आवाजात म्हणालात, "पाय लाव माझ्या पाठीला."

मी म्हटलं, "तुमाला पाय लावू?"

"लाव म्हनतो ना. आन् जोर दे."

बापाला चुकून पाय लागला तर लगेच हात लावून नमस्कार करायचा, हे तुम्हीच शिकवलेलं. मी डोळे मिटले आणि तुमच्या पाठीला तळवा लावला. पडद्याआड शेरवानीची शिवण लागत होती. मी रेटलं, तुम्ही हलला नाहीत. हळूहळू पोटरी सुटली. मी पाय काढून घेतला, पडद्याला हात लावून नमस्कार केला, गाडी चालू लागली. दुपारपर्यंत आणखी दोनदा तसंच झालं. दोन्ही वेळा मी नुसती हाक मारली आणि तुम्ही पाठ टेकलीत. गड्याला काय वाटलं कोण जाणे, तो बैलांशी बोलत राहिला.

ऊन कललं तेव्हा पडद्याच्या फटीतून शाळेपुढचं लिंबाचं झाड दिसलं. गाव आलं, आणि माझं सांगायचं तसंच राहिलं होतं. घरी पोचलं की माणसं जमणार, आई रडणार, तुम्ही मोठ्या घरच्या गोष्टी सांगत बसणार. मी हाक मारली, "दादा, गोळा आला." तुम्ही पाठ टेकलीत. मी पाय लावला. गोळा आला नव्हता, दादा. पाय मोकळा होता, चांगला ऊबदार होता, आणि मी तो तुमच्या पाठीवर ठेवून मनातल्या मनात सगळं सांगत होते. अंगणाची भिंत, अकरा पावलं, कारकून, सगळं. बऱ्याच वेळानं तुम्ही विचारलंत, "कमी झाला का?"

"न्हाई."

"मग राहू दे."

घर येईपर्यंत पाय तिथंच होता. मला वाटलं, मी तुम्हाला फसवलं. साठ वर्षं हेच वाटत होतं.

परवा नातीचा पाय माझ्या पाठीला लागला तेव्हा कळलं. गोळा आलेला पाय लाकडासारखा येतो. सगळा जोर टाचेत असतो, बोटं थरथरतात, आणि ते थरथरणं आपल्या फासळीत ऐकू येतं. मग गोळा सुटतो, तोही क्षण कळतो, पाय एकदम जड आणि मऊ होतो. मी म्हटलं, गेला ना? तर हसून म्हणते, गेला गं, पण राहू दे ना थोडा वेळ. आजकालच्या पोरींना मागता येतं. मी बसून राहिले. तीन वेळा तुमच्या पाठीला खरा गोळा लागला होता. चौथ्या वेळी जे लागलं, ते काय आहे हे तुम्हाला न कळणं शक्यच नव्हतं. तुम्हाला कळलं होतं. कळूनच तुम्ही म्हणालात, राहू दे.

आणि तरी तुम्ही मला पाठवलंत. बाळ तीन महिन्यांचं झालं, दमणी आली. मी चुलीपुढं आईला सांगितलं, मला जायचं नाही. आईनं तुम्हाला सांगितलं. तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिलात, आत आला नाहीत. म्हणालात, "काय कमी हाय तिथं, सांग." मी भाकरी थापत होते. मी विचार केला, खरंच केला, आणि मला एकही वस्तू सांगता आली नाही. तुम्ही वळून बाहेर गेलात. भाकरी करपली म्हणून आई मला बोलली. दुसऱ्या दिवशी मी दमणीत बसले.

पुढं मी त्या घरातच म्हातारी झाले. तुम्ही त्याच वर्षी तापानं गेलात, आणि मला तुमचं तोंडही पाहायला मिळालं नाही. मग निजामाचं राज्य गेलं, हळूहळू देशमुखी गेली, सासूबाईंनी स्वतःच्या हातानं ते पडदे फाडून गोधड्यांना अस्तर लावलं. अंगणाची भिंत एका पावसात बसली, ती कोणी उचलली नाही. येलदरीला धरण झालं आणि आता त्या वाटेनं मोटारी जातात. मी त्या वाटेनं कितीदा गेले, आणि दर वेळी तुमच्यावर रागावून गेले. आता लेकी-सुना तुमच्याबद्दल विचारतात, तेव्हा सांगते, फार कडक होते.

हे कागद मी त्या पाच कार्डांखाली ठेवणार आहे. पण एक गोष्ट राहिली. मला सासरी परत पोचवायला येताना तुम्ही पुन्हा पुढं बसला होतात. त्या दिवशी मी हाक मारली नव्हती, मला गोळा आला नव्हता, तरी निघाल्यापासून पडदा तुमच्या पाठीनं आत आलेला होता. गाडी खड्ड्यांतून आदळायची, तुम्ही पुढं झुकायचात आणि पुन्हा पाठ मागं टेकायचात. दिवसभर. लोकांना मी सांगत आले की वाटेत तुम्हाला डुलकी लागली होती. लागली नव्हती. तुम्ही कशासाठी बसला होतात, ते मला तेव्हाही थोडंसं कळलं होतं, दादा. मी बाळाला मांडीवर घेतलं आणि पाय जवळ ओढून घेतले.