मालकिणीच्या खात्यात चार कमी

वयाने, वजनाने आणि व्यवहारज्ञानाने आमच्याहून थोर असलेल्या साडूभाऊंस,

धाकट्या साडूचा नमस्कार (कोपरापासून नव्हे, चांगला दोन्ही हात जोडून). तुमचा उजवा गुडघा काय म्हणतो? मागे तो जिना चढताना वाजायचा, आता उतरतानाही वाजतो असं तुमच्या मेहुणीकडून, म्हणजे आमच्या स्वयंपाकघरातून, कळलं. ताईंचं रक्तदाब मोजायचं यंत्र दुरुस्त होऊन आलं असेलच. आलं नसेल तर तुम्ही बोलणं जरा कमी करून पाहा, आकडा आपोआप उतरेल. इकडे आम्ही उभयता सुखरूप आहोत. (हे वाक्य हाताच्या सवयीने लिहून गेलं. पुढे वाचाल तसं ते मनातल्या मनात खोडत जावं.) पत्र हाताने लिहून त्याचा फोटो पाठवतोय, कारण फोनवर टाइप करायला बसलं की तो माझं वाक्य माझ्याआधी पूर्ण करतो, आणि ती सवय घरात एकाच व्यक्तीला शोभते.

विषय आमच्या चिमणीच्या खोलीचा आहे. तुमची ही भाची तुमच्याच देशात, पण तुमच्यापासून एका रात्रीच्या प्रवासावर, दंतवैद्यांसाठी कृत्रिम दात घडवायचं शिकते आहे हे तुम्ही जाणताच. तिला तिथे एक खोली मिळाली. म्हणजे मिळाल्यासारखी झाली. घरमालकीण वजनमापे खात्यातून निवृत्त झालेली निरीक्षक आहे. आयुष्यभर दुकानदारांचे काटे तपासलेली बाई. तिची अट अशी, की अनामत आणि पहिल्या महिन्याचं भाडं मिळून पूर्ण रक्कम महिनाअखेरीच्या आत तिच्या बँकखात्यात दिसली पाहिजे. रोख चालणार नाही, हप्ता चालणार नाही, ‘उरलेले नंतर’ तर मुळीच नाही. नाही जमलं तर खोली रांगेतल्या पुढच्या माणसाला, आणि तो पुढचा माणूस ड्रम वाजवतो. तोवर चिमणी एका वर्गमैत्रिणीच्या स्वयंपाकघरात फ्रिजच्या शेजारी गादी टाकून झोपते. तो फ्रिज मधूनच म्हशीसारखं अंग झाडतो म्हणे.

तुम्ही म्हणाल, पैसे मुलीच्याच खात्यात का नाही पाठवले? खातं असतं तर पाठवले नसते का! तुमच्याकडे खातं उघडायला राहण्याचा पत्ता लागतो. पत्त्याला खोली लागते, खोलीला अनामत लागते आणि अनामत भरायला खातं लागतं. यालाच आम्ही संस्कृत शिकवणारे तर्कशास्त्रात अन्योन्याश्रय म्हणतो. वर्गात हा दोष शिकवताना मला आजवर कधी ताजं उदाहरण सुचलं नव्हतं. आता उदाहरण पोटचंच निघालं. तेव्हा पैसे इथून थेट मालकिणीच्या खात्यात पाठवण्यावाचून गत्यंतर नव्हतं, आणि तिथून माझी पायपीट सुरू झाली.

आता तुमच्या उपदेशाकडे वळतो. तुम्ही आपण होऊन पाठवलेला तो आवाजी निरोप (जो ऐकता ऐकता आमची एक भाजी करपली) मी अक्षरशः पाठ केला. त्यातलं सार इतकंच होतं, की शुल्क किती हे विचारूच नये, समोरच्याच्या हातात किती पडणार ते विचारावं. साडूभाऊ, हे वाक्य शंभर टक्के खरं आहे. त्याचाच मला जास्त राग आहे. कारण ते पटलं, पाठ झालं, आणि ऐन वेळी उपयोगी पडलं नाही. पाठांतराचं असंच असतं, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

पहिल्यांदा गेलो नोटा बदलून देणाऱ्याच्या दुकानात. काचेवर हातभर अक्षरांत ‘शुल्क शून्य’ लिहिलेलं. ‘शिलाई फुकट, फक्त कापड आमच्याकडचं घ्या’ म्हणणारा शिंपी तुम्ही पाहिला असेल. हा त्याचाच मावसभाऊ. शुल्क शून्य खरंच होतं, पण त्याने सांगितलेला भाव ऐकून सौभाग्यवतींनी तिथल्या तिथे फोन उघडला आणि बाजारभाव त्याच्या नाकासमोर धरला. दोन भावांतला फरक बँकेच्या शुल्काच्या दुप्पट होत होता. तो गृहस्थ जराही विचलित न होता म्हणाला, “मॅडम, तो फोनवरचा भाव आहे. तो फोनवरच मिळतो.” असं निरुत्तर करणारं विधान मी भल्या भल्या पंडितांकडून ऐकलेलं नाही.

मग म्हटलं, फोनवरच मिळत असेल तर फोनवरच घेऊ. एक ॲप उतरवून घेतलं. भाव चोख, शुल्क आधीच स्वच्छ सांगितलेलं, पोहोचणारी रक्कम ठळक अक्षरांत. सगळ्यांत स्वस्त पडत होतं ते हेच. फक्त त्याला माझी ओळख पटवून हवी होती. त्याने मला मान डावीकडे वळवायला सांगितली, मग उजवीकडे, मग डोळे मिटायला, मग हसायला. (पैसे पाठवताना हसायला लावणं हा क्रूरपणा आहे.) ओळखपत्रावरचा माझा फोटो केस असतानाचा. यंत्राने दोघांची तुलना केली आणि आपल्याला शंका असल्याचं नम्रपणे कळवलं. सौभाग्यवती म्हणाल्या, “मला तुम्ही पटायला दोन वर्षं लागली, ते तर बिचारं यंत्र आहे.” तेव्हापासून ‘तपासणी चालू आहे’ हे वाक्य पडद्यावर आहे आणि एक गोल चक्र फिरतं आहे. मी अधूनमधून उघडून त्याला बघतो. तेही मला बघत असावं.

दिवस सरत चालले म्हणून शेवटी आपली नेहमीची बँक गाठली. परदेशी पैशांचा काउंटर एका बाईंकडे आहे. चष्मा साखळीला, आवाज मऊ, आणि कोणतंही काम ‘होऊन जाईल’ अशा सुरात सांगण्याची हातोटी. त्यांनी दिलेल्या अर्जावर शेवटी प्रश्न होता, की वाटेतलं शुल्क कोणी सोसायचं? पुढे तीन चौकटी होत्या. सगळं पाठवणाऱ्याने, सगळं घेणाऱ्याने, किंवा दोघांनी निम्मं-निम्मं.

इथे तुम्हाला जबाबदार धरल्यावाचून मला राहवत नाही. आपली दोन कुटुंबं जिथे जिथे मिळून गेली, तिथे तुम्ही निम्म्या-निम्म्याचा कायदा चालवलात. टॅक्सी निम्मी, खोली निम्मी. तुमच्याच हातून हरवलेल्या छत्रीचीसुद्धा निम्मी किंमत मी दिली आहे. इतक्या वर्षांच्या संस्कारांनंतर माझ्या हाताला दुसरी चौकट दिसणार होती का? मी निम्म्या-निम्म्यावर खूण केली आणि वर समाधानाने मान डोलावली. बाईंनी चष्म्यावरून विचारलं, “नक्की?” मी म्हणालो, “आमच्या घरची रीतच आहे.”

तर झालं असं. आपली बँक आणि मालकिणीची बँक यांची थेट ओळख नाही. म्हणून मध्ये एक तिसरी बँक असते, जी दोघींना ओळखते आणि त्या ओळखीचे पैसे घेते. मध्यमपदलोपी समासात मधलं पद गळतं. इथे मधलं पद ठणठणीत राहतं आणि कडेचे दोघे गळतात. निम्म्या-निम्म्याचा खरा अर्थ असा, की आपल्या बँकेचं शुल्क मी द्यायचं आणि या मधलीचं शुल्क वाटेतच रकमेतून कापलं जाणार. मालकिणीच्या खात्यात तुमच्याकडच्या चलनात अठरा कमी पोहोचले. तिने चिमणीला बोलावून सांगितलं, “काटा मधोमध आलेला नाही.” किल्ली नाही.

सौभाग्यवती म्हणाल्या, “आता चांगले घसघशीत पाठवा आणि मोकळे व्हा.” मी म्हणालो, हिशेब म्हणजे हिशेब, अठरा कमी तर अठरा पाठवू. (माझ्या आयुष्यातले सगळे अपघात ‘हिशेब म्हणजे हिशेब’ या वाक्यानंतर झालेले आहेत.) अठरा निघाले. मधल्या बँकेने अठरा घेतले. राहिलेलं शून्य मात्र तिने प्रामाणिकपणे पुढे पोहोचवलं. मालकिणीच्या फोनवर संदेश आला, की तुमच्या खात्यात शून्य जमा झाले आहेत, आणि पाठवणाऱ्याच्या जागी माझं नाव! तिने चिमणीला विचारलं, “तुझे वडील मला शून्य का पाठवतात? त्यांना काही सुचवायचं आहे का?”

तिसऱ्यांदा मी शहाणा झालो आणि दुप्पट, म्हणजे छत्तीस पाठवले. अठरा मधलीला, अठरा मालकिणीला. पण या खेपेला रक्कम एकाऐवजी दोन मधल्या बँकांच्या हातून गेली (का, ते काउंटरवरच्या बाईंनाही ठाऊक नाही, “ते वरून ठरतं,” म्हणाल्या आणि छताकडे पाहिलं). दोघींनी मिळून बावीस ठेवून घेतले. पोहोचले चौदा. मालकिणीच्या खात्यात अजून चार कमी. याला अनवस्था म्हणतात. उणीव भरायला जे पाठवावं त्यातच नवी उणीव निघते आणि साखळी कुठेच थांबत नाही. शास्त्रकारांनी हा दोष सांगून ठेवला, पण त्यावर दर खेपेला शुल्क पडतं हे सांगितलं नाही.

मालकीण काही दुष्ट बाई नाही. चिमणीला तिने चहा पाजला, हिवाळ्यात खिडकीची फट कशी बुजवायची तेही दाखवलं. पण चार कमी म्हणजे कमी. परवा महिना संपतो. ड्रमवाला येऊन खोलीची लांबी-रुंदी मोजून गेला. काल चिमणी फोनवर ‘मी मजेत आहे’ असं तीनदा म्हणाली. ती एकदा म्हणते तेव्हाच ते खरं असतं.

असो. हे सगळं केवळ मन मोकळं करण्यासाठी लिहिलं. ताईंना नमस्कार, गुडघ्याला शेक.

आपला नम्र आणि निम्मा,
धाकटा साडू

ता. क. केवळ मन मोकळं करण्यासाठी लिहिलं हे खरं नाही. साडूभाऊ, तुमचं तिथे खातं आहे. देशातल्या देशात पैसे पाठवायला काही पडत नाही आणि ते चहा गार व्हायच्या आत पोहोचतात, असं तुम्हीच त्या निरोपात सांगितलं होतं. मालकिणीला चार पाठवाल का? फक्त चार. हे मी आधीच मागितलं नाही, कारण इथून सक्त मनाई आहे. “भाऊजी देतील हो,” असं तुमच्या मेहुणीचं म्हणणं, “पण मग पुढची दहा वर्षं प्रत्येक जेवणात ते चार पानात वाढतील.” तेव्हा हे तिच्या कानावर जाऊ देऊ नका.

ता. क. दुसरा. वरचा मजकूर लिहिल्यावर माझीच मला लाज वाटली. पत्र तसंच टेबलावर ठेवून गुपचूप बँकेत गेलो. पहिल्या चौकटीवर खूण केली, वाटेतलं सगळं शुल्क माझ्या माथी घेतलं, आणि चाराच्या जागी चाळीस पाठवून दिले. “आता नक्की?” बाईंनी विचारलं. मी मान हलवली. परत आलो तर सौभाग्यवती हेच पत्र वाचत बसलेल्या. मला वाटलं, आता प्रलय. पण त्या डोळ्यांतलं पाणी पुसत हसत होत्या. चिमणीच्या त्या फोनच्या आदल्याच दिवशी, मंगळवारी, त्यांनी ताईंना फोन केला होता. ताईंनी तिथल्या तिथे चार पाठवले आणि त्याच संध्याकाळी चिमणीला किल्ली मिळाली. म्हणजे काल ती जे तीनदा म्हणाली ते खरं होतं. तीनदा म्हणाली ती हसू दाबण्यासाठी. “मग मला का नाही सांगितलं?” मी विचारलं. “तुम्ही मला विचारून बँकेत जाता का?” असं उत्तर आलं. तुम्हाला का सांगितलं नाही तेही विचारलं. ताई म्हणाल्या म्हणे, “यांच्या कानावर गेलं तर चार पाठवायला हे चार दिवस तीन कंपन्यांचे भाव बघत बसतील.” हे मी आपला केवळ हितचिंतक म्हणून कळवतो. चिमणीने खिडकीचा फोटो पाठवला आहे. खिडकीतून समोरची भिंत दिसते. खाली लिहिलंय, ‘बाबा, भिंत आहे, पण माझी आहे.’ मी तो फोटो चार वेळा मोठा करून पाहिला.

ता. क. तिसरा, आणि पत्राचं खरं कारण आता हेच. माझे चाळीस वाटेत आहेत आणि या खेपेला ते पुरते पोहोचणार. चिमणीने मालकिणीला तसं सांगितलं. ती बाई म्हणाली, जास्तीचा एक पैसाही मी ठेवून घेणार नाही. आले की त्याच दिवशी तुझ्या वडिलांना परत पाठवीन, आणि शुल्क न्यायाने निम्मं-निम्मं. साडूभाऊ, तुम्हाला तिची भाषा येते. तिचा नंबर खाली दिला आहे. तिला आजच फोन करा आणि पाया पडून थांबवा. पुढच्या भाड्यात धर म्हणावं, दिवा बदल म्हणावं, त्या ड्रमवाल्याला दे म्हणावं. परत तेवढे पाठवू नको. कारण माझ्याकडे कमी पोहोचले असं तिला कळलं, तर ती उरलेले पाठवील.